अर्ध्या सेकंदाची विद्या : जुझे फोंत आणि सेंटर बॅकची उशिरा पिकणारी कारकीर्द

बचावपटू जुझे फोंत पोर्तुगालच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडून पहिला सामना खेळला तो 18 नोव्हेंबर 2014 रोजी, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, अर्जेंटिनाविरुद्ध. पुढच्याच महिन्यात तो 31 वर्षांचा होणार होता. त्या वयात बरेच विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावत हल्ला करणारे खेळाडू, उतरणीला लागलेले असतात. फोंत मात्र त्यानंतर वीस महिन्यांत युरोपचा विजेता झाला, 37व्या वर्षी कर्णधार म्हणून फ्रान्सची लीग जिंकला आणि चाळिशीला टेकताना चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला. (मराठी वृत्तपत्रांत हे नाव 'जोसे' असेही छापतात. गोव्यात ते 'जुझे' म्हणून रुळले आहे आणि पोर्तुगीज उच्चार त्याच्याच जवळचा आहे, म्हणून इथे जुझे.)

ही कारकीर्द पहिल्यांदा पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटते. सेंटर बॅक, म्हणजे गोलरक्षकापुढे मधोमध उभे राहणारे दोन किंवा तीन बचावपटू, नेमके काय करतात हे समजले की तिचा उलगडा होतो. त्यासाठी आधी थोडे अंकगणित करावे लागेल.

समजा, आघाडीचा खेळाडू सेकंदाला 9 मीटर धावतो आणि बचावपटू 8 मीटर. मागच्या मोकळ्या जागेत लांब पास पडला आणि दोघे एकाच रेषेतून, एकाच क्षणी पळाले. वेग पकडायला लागणारा काळ हिशोबात धरला नाही, तर चार सेकंदांत पहिला 36 मीटर जातो, दुसरा 32. चार मीटरचा फरक पडला म्हणजे गोलच. आता तोच बचावपटू अर्धा सेकंद आधी पळू लागला, तर? अर्ध्या सेकंदात तो 4 मीटर कापतो, म्हणजे हिशोब बरोबरीत सुटतो. पास देणाऱ्याने मान वर केली, पाय मागे नेला, खांदा वळवला. या खुणा वाचून जो चेंडू सुटण्याआधीच वळतो, त्याला पायातला कमी वेग नडत नाही. वय वाढते तसा वेग घटतो, पण खुणा ओळखण्याची नजर वाढत जाते. सेंटर बॅकच्या बाबतीत ही दोन गणिते बऱ्याचदा तिशीच्या आसपास सर्वांत चांगली जुळतात. विंगरला चेंडू घेऊन स्वतः माणसाला मागे टाकायचे असते, त्याला ही सवलत नाही.

नजर म्हणजे नेमके काय

'अनुभव' हा शब्द समालोचक सढळ हाताने वापरतात, पण त्याचे सुटे भाग सांगता येतात.

पहिला भाग म्हणजे शरीराचा कोन. चेंडूकडे छाती करून सरळ उभा राहिलेला बचावपटू मागे वळायला एक पाऊल जास्त घेतो. म्हणून सेंटर बॅक थोडा तिरका उभा राहतो, एक पाय पुढे आणि एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, म्हणजे चेंडू आणि आपला माणूस दोघेही एकाच नजरेत राहतात. चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की पाय बदलावे लागतात. दमलेल्या खेळाडूचा हा बदल आधी बंद पडतो. 80व्या मिनिटानंतर डोक्यावरून गेलेल्या पासवर गोल पडतात, तेव्हा पुष्कळदा धाव कमी पडलेली नसते, पाय बदलायचे राहिलेले असतात.

दुसरा भाग म्हणजे बचावफळीची रेषा पुढे न्यायची की मागे. याचा साधा नियम चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून ठरतो. त्याची मान खाली असेल, पाठ आपल्या गोलकडे असेल किंवा अंगावर कोणी धावून गेले असेल, तर बचावफळीतल्या चौघांनी (मधले दोन सेंटर बॅक आणि दोन्ही कडांचे फुलबॅक) पुढे सरकायचे. त्याची मान वर असेल आणि समोर मोकळा वेळ असेल, तर पास सुटण्याची वाट न पाहता मागे निघायचे. मधल्या फळीने दाब टाकलेला नाही आणि बचावफळी तरीही पुढे उभी आहे, ही फुटबॉलमधली सर्वांत महागडी चूक आहे.

ऑफसाइडचा सापळा याच रेषेवर चालतो. पास सुटण्याच्या क्षणी आघाडीच्या खेळाडूचा गोल करता येण्याजोगा कोणताही अवयव (हात-बाहू सोडून) प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही (गोलरक्षक धरून मोजलेल्या) पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागी आहे. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवर हा नियम लागत नाही. चौघांपैकी तिघे पुढे आले आणि पलीकडचा फुलबॅक एक मीटर मागे रेंगाळला, तर सापळा त्यांच्यावरच उलटतो, कारण रेषा सर्वांत मागच्या माणसापाशी धरली जाते. म्हणून सेंटर बॅक सतत ओरडत असतो. टीव्हीवर ते ऐकू येत नाही, पण फोंतला प्रत्येक संघात स्थान मिळण्यामागे हे बोलणे मोठे कारण होते असे माझे मत आहे.

तिसरा भाग जोडीचा. कबड्डीत साखळी धरलेले दोघे एकमेकांच्या हाताच्या दाबावरून ठरवतात की कोणी झेपावायचे. सेंटर बॅकच्या जोडीत हात धरलेला नसतो, व्यवहार तोच असतो. एकजण आघाडीच्या खेळाडूला भिडतो, तेव्हा दुसरा तीन ते पाच मीटर तिरका मागे सरकतो. दोघेही भिडले तर मागे जागा उघडी पडते. दोघेही मागे हटले तर प्रतिस्पर्ध्याला वळून गोलकडे तोंड करायला वेळ मिळतो.

आणि चौथा भाग गोलसमोरच्या पेटीतला, जिथे चूक दुरुस्त करायला वेळच उरत नाही. उंच चेंडू डोक्याने बाहेर काढताना तो उंच, लांब आणि बाजूला जायला हवा. मधोमध, पेनल्टीच्या ठिपक्याच्या पुढे पडलेला अर्धवट हेडर म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेला पास. याहून अवघड असतो तो 'कटबॅक'. विंगर गोलरेषेपर्यंत पोचतो आणि चेंडू मागे, गोलपासून 11 मीटरवरच्या ठिपक्याकडे देतो. सगळे बचावपटू गोलच्या दिशेने पळत आलेले असतात, स्वतःचा वेग त्यांना थांबवता येत नाही आणि नेमकी तीच जागा रिकामी राहते. उपाय असा की एका सेंटर बॅकने जवळच्या खांबाकडे जायचे आणि दुसऱ्याने धावता धावता ब्रेक लावून ठिपक्याजवळ थांबायचे. वाचायला सोपे आहे, पण 7.32 मीटर रुंद गोलजाळे मागे उघडे दिसत असताना थांबायला फार मोठा संयम लागतो.

तळातून वर

फोंतचा जन्म 22 डिसेंबर 1983चा, पोर्तोच्या पूर्वेला असलेल्या पेनाफिएलचा. वडील आर्तुर फुटबॉलपटू होते आणि धाकटा भाऊ रुई आघाडीचा खेळाडू झाला. जुझे लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या 'ब' संघात खेळला, पण मुख्य संघाचे दार उघडले नाही. क्रिस्तियानो रोनाल्डो ज्या अकादमीतून निघाला तीच ही अकादमी, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांची वाट फोंतसारखीच खालच्या विभागात जाते.

2004-05मध्ये तो दुसऱ्या विभागातल्या फेल्गेइराशकडे गेला. पुढच्या वर्षी कर्जाखाली दबलेला तो क्लबच व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर पडला. मग व्हितोरिया सेतुबाल आणि तिथून 2006च्या जानेवारीत बेनफिका. कागदावर ही मोठी झेप होती, पण बेनफिकाने त्याला लगेच पासुश द फेरेइराकडे लोनवर पाठवले, नंतर इश्त्रेला दा अमादोराकडे आणि 2007मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या विभागातल्या क्रिस्टल पॅलेसकडे.

लोन म्हणजे काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. खेळाडूचा मूळ करार पहिल्याच क्लबकडे राहतो, ठरावीक मुदतीसाठी तो दुसऱ्याकडून खेळतो आणि पगार दोघांत ठरेल तसा वाटला जातो. सेंटर बॅकसाठी लोन दुधारी आहे. सामने मिळतात, आणि वर सांगितलेली नजर सामने खेळल्याशिवाय येत नाही. पण दर मोसमात नवा जोडीदार, नवा गोलरक्षक, कधी नवी भाषा मिळते. रेषा कधी उचलायची याचा समज जुळायला काही महिने जातात आणि तो जुळला की बॅग भरायची वेळ येते. त्यामुळे तीन लोनांनंतर क्लब सापडणे हेच पुष्कळ बचावपटूंच्या वाट्याला येत नाही. फोंतच्या बाबतीत पॅलेसने 2008मध्ये त्याला कायमचे घेतले.

खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की लहान क्लबांना काय मिळते, हा प्रश्न अशा प्रवासात नेहमी विचारला जातो. फिफाच्या नियमानुसार ट्रान्सफर रकमेचे 5 टक्के त्या खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 12 ते 15 या वयातल्या चार मोसमांना प्रत्येकी 0.25 टक्के आणि 16 ते 23 या वयातल्या आठ मोसमांना प्रत्येकी 0.5 टक्के. म्हणजे 1 कोटी युरोच्या व्यवहारात एखाद्या छोट्या क्लबकडे खेळाडूने 16 ते 19 या वयातले चार मोसम काढले असतील, तर त्या क्लबला 2 लाख युरो मिळतात. पोर्तुगालच्या उत्तरेकडल्या छोट्या क्लबांच्या अर्थकारणात ही रक्कम वर्षभराचा खर्च हलका करू शकते. नोंदी नीट ठेवलेल्या नसल्या की हाच पैसा हातचा जातो.

साऊथहॅम्प्टन : तीन विभाग, एकच खेळाडू

2010च्या जानेवारीत फोंत साऊथहॅम्प्टनला गेला. आर्थिक दिवाळखोरीमुळे या क्लबने तो मोसम तिसऱ्या विभागात उणे 10 गुणांनी सुरू केला होता. वयाच्या 26व्या वर्षी दुसऱ्या विभागातून तिसऱ्यात जाणे ही खालची पायरी होती. तरीही तो गेला. त्या मोसमात संघ सातवा आला, पण वेम्बलीवर कार्लाइलला 4-1 हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी जिंकला. 2011मध्ये बढती, 2012मध्ये पुन्हा बढती, आणि संघ प्रीमियर लीगमध्ये पोचला. 2014च्या उन्हाळ्यात संघाचे अर्धे मोहरे विकले गेल्यावर फोंत कर्णधार झाला.

त्या काळातले त्याचे जोडीदार पाहा. देयान लोव्हरेन 2014मध्ये लिव्हरपूलला गेला. त्याच्या जागी अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून लोनवर टोबी आल्डरवेरेल्ड आला आणि त्या 2014-15च्या मोसमात साऊथहॅम्प्टनने 38 सामन्यांत फक्त 33 गोल खाल्ले. लीगमध्ये त्याहून कमी खाल्ले ते फक्त विजेत्या चेल्सीने, 32. आल्डरवेरेल्ड गेला तसा सेल्टिककडून व्हर्जिल व्हॅन डाइक आला, आणि 2015-16मध्ये संघ 63 गुणांसह सहावा आला. एकामागून एक जोडीदार मोठ्या क्लबांनी नेले. प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूला फोंतच होता. जोडीदार बदलूनही रेषा टिकते, तेव्हा ती रेषा कोण धरतो आहे हे ओळखायला फार आकडेवारी लागत नाही.

2016 : चारशे पन्नास मिनिटे

युरो 2016च्या, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या, गटात पोर्तुगालने तीनही सामने बरोबरीत सोडवले : आइसलँडशी 1-1, ऑस्ट्रियाशी 0-0, हंगेरीशी 3-3. या तीन सामन्यांत पेपेचा जोडीदार 38 वर्षांचा रिकार्दू कार्व्हाल्यू होता. तो पोर्तुगालने घडवलेल्या सर्वोत्तम सेंटर बॅकपैकी एक, पण हंगेरीविरुद्ध बचावफळीची दमछाक दिसली. गटात तिसरे येऊनही पोर्तुगाल बाद फेरीत गेला आणि प्रशिक्षक फर्नांदू सांतुश यांनी क्रोएशियाविरुद्ध फोंतला उतरवले. उजव्या फुलबॅकच्या जागी सेद्रिक आला, फोंतचा साऊथहॅम्प्टनमधला सहकारी. ही जोडी क्लबमधून तयार होऊन आली होती, आणि राष्ट्रीय संघात हे फार मोलाचे असते, कारण तिथे सरावाला मोजके दिवसच मिळतात.

क्रोएशियाच्या सामन्यात 117व्या मिनिटापर्यंत दोन्ही संघांपैकी एकाचाही फटका नेमका गोलच्या दिशेने गेला नव्हता. प्रेक्षक कंटाळले. बचावाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला मात्र तो सामना पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे : मधली फळी आणि बचावफळी यांच्यातले अंतर इतके आवळलेले की मॉड्रिच, राकिटिच यांच्यासारख्यांना वळायला जागाच मिळत नव्हती. मग कारेझ्माचा हेडर, 1-0.

उपांत्यपूर्व फेरीत पोलंडने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. लांब चेंडूचा अंदाज सेद्रिकचा चुकला, ग्रोसित्स्कीने डावीकडून चेंडू मागे दिला आणि लेव्हान्डोव्स्कीने तो जाळ्यात टाकला. वर सांगितलेला कटबॅक तो हाच, मजबूत बचाव कसा एका अंदाजाच्या चुकीने उघडा पडतो त्याचे धडधडीत उदाहरण. रेनातू सांचिशने बरोबरी साधली आणि पोर्तुगाल पेनल्टी शूटआउटमध्ये 5-3 जिंकला. उपांत्य फेरीत पेपे जायबंदी होता, फोंतबरोबर ब्रुनू आल्व्हश खेळला आणि वेल्सवर 2-0. निर्धारित 90 मिनिटांत पोर्तुगालने त्या स्पर्धेत जिंकलेला हा एकमेव सामना.

10 जुलैच्या अंतिम सामन्यात पॅरिसजवळच्या सेंट-डेनीत समोर यजमान फ्रान्स होता. 25व्या मिनिटाला रोनाल्डो जायबंदी होऊन बाहेर गेला. त्यानंतर संघाची योजना स्पष्ट झाली : पेटीजवळ दाटीने उभे राहायचे, कडेने पेटीत उंच मारलेले क्रॉस येऊ द्यायचे, पण मधोमध पास जाऊ द्यायचा नाही. फोंत आणि पेपे यांची ताकद हवेतल्या चेंडूंवर होती, म्हणून ही तडजोड परवडणारी होती. तरीही दोनदा प्राण कंठाशी आले. ग्रीझमानचा जवळून घेतलेला हेडर वरून गेला, आणि भरपाई वेळेत जिन्याकने पेपेला चकवून मारलेला फटका खांबाला लागून बाहेर आला. 109व्या मिनिटाला एदेरने गोल केला. बाद फेरीतली पोर्तुगालची 450 मिनिटे मोजली तर शूटआउट सोडून एकच गोल पडला, आणि त्या चारही सामन्यांत फोंत मैदानावर होता.

ढासळते कधी

2017च्या जानेवारीत तो सुमारे 80 लाख पौंडांत लंडनच्या वेस्ट हॅमकडे गेला आणि तिथे त्याचा सूर लागला नाही. वेस्ट हॅमने त्या मोसमात लीगमध्ये 64 गोल खाल्ले. याचा दोष एका माणसाच्या वयावर टाकणे सोपे आहे, पण सेंटर बॅकची नजर पुढच्या फळीने दाब दिला तरच उपयोगी पडते. पास देणाऱ्याला हवा तेवढा वेळ मिळाला की त्याच्या खुणा वाचून काही हाती लागत नाही, कारण तो चार वेगवेगळ्या दिशांना चेंडू देऊ शकतो. मग उरते ती फक्त शर्यत, आणि शर्यतीत 33 वर्षांचा माणूस हरतो. पुढे काही महिने चीनच्या दालियान यिफांगमध्ये गेले. 2018च्या विश्वचषकात तो पेपेबरोबर खेळला. उरुग्वेच्या कवानीने दोन गोल करून पोर्तुगालला बाहेर काढले.

लिल, आणि तीन जणांची फळी

2018च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या लिल क्लबने 34 वर्षांच्या फोंतला घेतले, तेव्हा तो क्लब नुकताच 17वा येऊन कसाबसा पहिल्या विभागात राहिला होता. पुढच्याच मोसमात तो दुसरा आला. प्रशिक्षक क्रिस्तॉफ गाल्टिये यांची रचना 4-4-2 (चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन पुढे), दोन्ही फळ्या जवळजवळ आणि पुढच्या दोघांचाही बचावात हिशोब धरलेला. म्हणजे वेस्ट हॅममध्ये जे नव्हते तेच.

जोडीदारांची निवडही हुशारीची होती. आधी गाब्रिएल मागाल्याइश, जो 2020मध्ये आर्सेनलला गेला, आणि नंतर फोंतहून 16 वर्षांनी लहान असलेला स्वेन बोटमन. दोघेही डावखुऱ्या पायाचे. उजव्या पायाचा फोंत उजवीकडे आणि डाव्या पायाचा जोडीदार डावीकडे असला की चेंडू मिळताच बाहेरच्या बाजूला पहिल्याच स्पर्शात पास देता येतो, आत वळावे लागत नाही. आत वळताना चेंडू हरवला तर तो थेट गोलसमोर हरवतो. शिवाय लांब धाव पडली तर तरुण पाय धावतात आणि म्हातारे डोळे त्यांना आधीच ओरडून सांगतात.

2020-21मध्ये लिलने 38 सामन्यांत 23 गोल खाल्ले, फक्त तीन सामने गमावले, पॅरिसमध्ये जाऊन पीएसजीला (पॅरिस सेंट-जर्मेन) 1-0 हरवले आणि 83 विरुद्ध 82 गुणांनी विजेतेपद घेतले. गोलरक्षक माइक मेन्यॉचा वाटा त्यात मोठा होता. 23 मेच्या शेवटच्या सामन्यात अँजेला 2-1 हरवून कर्णधार फोंतने चषक उचलला.

2023मध्ये तो पोर्तुगालला परतला, ब्रागाकडे. त्या मोसमात ब्रागाने लीग चषक जिंकला आणि चॅम्पियन्स लीगच्या गटात रेआल माद्रिद, नापोली, युनियन बर्लिन यांच्याशी सामने झाले. 2024मध्ये लिस्बनच्या कासा पियाकडे गेला, तोवर चाळिशी उलटली होती. चाळिशीतल्या सेंटर बॅकसाठी तीन जणांची फळी सोयीची ठरते. मधल्या माणसाला टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत, विंगरच्या मागे धावावे लागत नाही, ते काम दोन्ही बाजूंचे दोघे करतात. तो पाच-सात पावलांच्या पट्ट्यात राहतो, रेषा उचलतो आणि खाली आणतो, उंच चेंडू बाहेर काढतो. त्याच्यावर एकच सक्ती असते : बाजूचा सहकारी बाहेर ओढला गेला की ती जागा भरायला अर्धा सेकंद आधी निघायचे.